दोनदा बडतर्फ, तिसऱ्यांदा आपलाच प्रांत मोडणारा मुख्यमंत्री : अयूब खुहरो आणि सिंध

१/
११ डिसेंबर १९५४. स्थळ हैदराबाद, निजामाचे नव्हे, सिंधमधले. सिंध प्रांताच्या विधानसभेने त्या दिवशी सिंध हा प्रांतच नष्ट करण्याच्या बाजूने मतदान केले. बाजूने १००, विरोधात ४. मतदानामागचा पुढाकार मुख्यमंत्री मोहम्मद अयूब खुहरो यांचा होता. याच गृहस्थांनी चोवीस वर्षांपूर्वी, १९३० मध्ये, सिंधला मुंबई इलाख्यापासून वेगळे करावे म्हणून एक पुस्तिका लिहिली होती. तिचे नाव ‘अ स्टोरी ऑफ द सफरिंग्ज ऑफ सिंध’, म्हणजे सिंधच्या हालअपेष्टांची कहाणी.

हा थ्रेड या माणसाविषयी आहे. त्याहून अधिक तो या माणसाच्या आधाराने रचल्या गेलेल्या एका सोयीस्कर कथेविषयी आहे.

२/
ती कथा सर्वांच्या परिचयाची आहे. पाकिस्तानच्या पहिल्या दशकातील प्रांतिक पुढारी भ्रष्ट, जमीनदार आणि संधिसाधू होते. केंद्रातील मंडळी मात्र कर्तव्यकठोर होती. म्हणून जिनांनी सिंधचा पहिला मुख्यमंत्री भ्रष्टाचारासाठी घरी पाठवला. पुढे नेते सुधारलेच नाहीत, म्हणून १९५८ मध्ये लष्कराला यावे लागले. ही मांडणी जनरल अयूब खान यांच्या राजवटीला अतिशय मानवणारी होती. ती तिने मनापासून जोपासली. आश्चर्य याचे की ती आपल्याकडेही ‘जिना पैशाच्या बाबतीत मात्र स्वच्छ होते हो’ अशा स्वरूपाच्या किश्श्यांतून बिनदिक्कत फिरत असते.

याच्या नेमकी उलट दुसरी कथा आहे. खुहरो म्हणजे सिंधच्या हक्कांसाठी जिनांपुढेही न वाकलेला पोलादी पुरुष. त्यांची कन्या हमीदा खुहरो या नाणावलेल्या इतिहासकार. त्यांनी १९९८ मध्ये वडिलांचे चरित्र प्रसिद्ध केले आणि त्याच्या उपशीर्षकातच ‘राजकारणातील धैर्याचे आयुष्य’ असा निर्वाळा दिला. चरित्र उपयुक्त आहे, कागदपत्रांनी समृद्ध आहे; पण लेकीने लिहिलेले आहे, हे वाचताना विसरून चालत नाही.

दोन्ही कथा खोट्या आहेत. पहिली अधिक घातक आहे, म्हणून तिचा समाचार आधी घेणे योग्य. पण त्यापूर्वी मुंबई.

३/
चार्ल्स नेपियरने १८४३ मध्ये सिंध जिंकला आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडण्यात आला. मुंबई आणि कराची यांच्यामध्ये कच्छचे रण, काठियावाडातील संस्थाने आणि समुद्र. भाषा निराळी, शेती निराळी, पावसाऐवजी सिंधू नदीवर विसंबलेली. मुंबईतल्या सरकारला हा मुलूख इतका दूरचा वाटे की १८६८ च्या एका कायद्यान्वये ‘कमिशनर-इन-सिंध’ या अधिकाऱ्याला जवळपास गव्हर्नरचेच अधिकार देऊन टाकले गेले. सिंधी माणसाच्या दृष्टीने हा दुहेरी जाच होता. मुंबईचे कायदेमंडळ दूर आणि कमिशनर मात्र डोक्यावर.

वेगळ्या सिंधची मागणी प्रथम ठळकपणे मांडली ती एका हिंदू काँग्रेस पुढाऱ्याने, हे आज फारसे कोणाला ठाऊक नसते. १९१३ च्या कराची काँग्रेसमध्ये स्वागताध्यक्ष हरचंदराय विशिनदास यांनी सिंधच्या वेगळेपणाचा प्रश्न उपस्थित केला. १९२० च्या दशकात मात्र चित्र पालटले. सिंधमध्ये मुसलमानांचे प्रमाण सत्तर टक्क्यांहून अधिक. तेव्हा वेगळा सिंध म्हणजे आणखी एक मुस्लिमबहुल प्रांत, हे दोन्ही बाजूंच्या ध्यानात आले. १९२९ मधील जिनांच्या चौदा मुद्द्यांत सिंधचे विभाजन हा एक मुद्दा होता. सिंधमधील हिंदू व्यापारी आणि वकीलवर्ग आता विरोधात उभा राहिला.

४/
लारकानाजवळच्या आकिल गावचा, १९०१ साली जन्मलेला तरुण जमीनदार खुहरो याच काळात मुंबई कायदेमंडळाचा सदस्य होता. त्याच कायदेमंडळात त्या वर्षांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरही सरकारनियुक्त सदस्य होते. सायमन कमिशनसाठी १९२९ मध्ये आंबेडकरांनी जो स्वतंत्र अहवाल लिहिला, त्यात त्यांनी सिंध मुंबईपासून तोडण्यास विरोध केला. या मागणीमागे प्रशासनाची गैरसोय कमी आणि धार्मिक बहुसंख्येचे प्रांत उभे करण्याचा हेतू अधिक आहे, अशी त्यांची शंका होती.

आंबेडकरांची शंका निराधार नव्हती, हे पुढच्या दहा वर्षांनी दाखवून दिले. पण म्हणून खुहरोंची तक्रार खोटी ठरत नाही. गैरसोय खरी होती, दुर्लक्षही खरे होते. एखाद्या मागणीत न्याय आणि डाव एकाच वेळी असू शकतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे पचवायला नेहमीच अवघड जाते, कारण बाजू घेणे सोपे असते.

५/
सिंध वेगळा होण्यात मोठा अडसर पैशाचा होता. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या नावाने सक्करला सिंधूवर प्रचंड बंधारा उभा राहत होता. तो १९३२ मध्ये खुला झाला. त्याच्या कर्जाचा बोजा नवा प्रांत पेलणार कसा, यावर समित्यांमागून समित्या बसल्या. अखेर केंद्राच्या अनुदानाच्या आधारावर १ एप्रिल १९३६ रोजी सिंध स्वतंत्र प्रांत झाला. खुहरोंच्या पिढीला हे आपल्या हयातीतले सर्वात मोठे यश वाटले, आणि ते होतेही.

बंधाऱ्याच्या पाण्याखाली येणाऱ्या लाखो एकर जमिनीचे काय होणार, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. त्याकडे पुन्हा यावे लागेल.

६/
नव्या प्रांताचे राजकारण म्हणजे ६० सदस्यांच्या विधानसभेतील जमीनदार, पीर आणि मीर यांचे अखंड पक्षांतर. त्यात न शिरलेलेच बरे. एक प्रकरण मात्र टाळता येत नाही : सक्करचे मंझिलगाह.

सिंधूच्या काठावरच्या दोन जुन्या इमारती सरकारी ताब्यात होत्या. त्या मशीद म्हणून परत द्याव्यात, अशी मागणी मुस्लिम लीगने १९३९ मध्ये उचलली. पलीकडे, नदीच्या पात्रात साधबेलो हे हिंदूंचे तीर्थ. पंतप्रधान (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला हेच नाव होते) अल्लाबक्ष सूमरो हे लीगविरोधी, हिंदू सदस्यांच्या पाठिंब्यावर टिकलेले. त्यांना पाडण्यासाठी यापेक्षा उत्तम हत्यार नव्हते. अब्दुल्ला हारून, जी. एम. सय्यद आणि खुहरो या आंदोलनाच्या आघाडीवर होते. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला. नोव्हेंबरमध्ये सक्कर आणि आसपासच्या खेड्यांत दंगली उसळल्या. शंभराहून अधिक माणसे मारली गेली, त्यांत बहुसंख्य हिंदू. सिंधभर हिंदू-मुसलमान दोघेही ज्यांची भजने ऐकत, त्या भगत कंवरराम यांना रेल्वे स्थानकावर गोळ्या घालण्यात आल्या.

काही महिन्यांत सूमरोंचे मंत्रिमंडळ गेले आणि खुहरो मंत्री झाले.

जी. एम. सय्यद यांनी पुढील आयुष्यात मंझिलगाहविषयी पश्चात्ताप व्यक्त केला. खुहरोंच्या खात्यात तशी नोंद आढळत नाही. ‘सिंधच्या हक्कांचा लढवय्या’ ही बिरुदावली ज्यांना त्यांना बहाल करायची आहे, त्यांनी आधी सांगावे की सक्करच्या खेड्यांत मेलेले सिंधी होते की नव्हते.

७/
१४ मे १९४३ रोजी अल्लाबक्ष सूमरो यांची शिकारपूर येथे गोळ्या घालून हत्या झाली. महसूलमंत्री राहिलेल्या खुहरोंवर कटाचा आरोप ठेवला गेला, अटक झाली, खटला चालला आणि १९४५ मध्ये ते निर्दोष सुटले. न्यायालयाने निर्दोष ठरवलेल्या माणसाला थ्रेडमधून पुन्हा फाशी देणे हा अलीकडे लोकप्रिय झालेला उद्योग आहे. येथे तो नको. ‘खुनी खुहरो’ अशा मथळ्यांना कागदपत्रांचा आधार नाही. त्यांच्यावरचे खरे आरोप त्याहून गंभीर आहेत आणि ते सिद्ध करायला न्यायालय लागत नाही.

८/
ऑगस्ट १९४७. सिंध हा पश्चिम पाकिस्तानातील एक असा प्रांत, जो पंजाबसारखा चिरला गेला नाही. जसाच्या तसा पाकिस्तानात गेला. गव्हर्नर झाले सर गुलाम हुसेन हिदायतुल्ला. हेही एके काळी मुंबई सरकारात मंत्री होते. मुख्यमंत्री झाले खुहरो. राजधानी कराची. अडचण एकच होती : पाकिस्तानचीही राजधानी कराचीच होती.

कराची हे त्या प्रांताचे एकमेव मोठे बंदर, एकमेव मोठे शहर आणि उत्पन्नाचा मुख्य झरा. केंद्र सरकारने ते आपल्या अखत्यारीत मागितले. निर्वासितांचे लोंढे पंजाब आणि संयुक्त प्रांतातून येत होते. केंद्राला वाटे, सिंधने अधिक घ्यावेत. खुहरोंना वाटे, प्रांताच्या ताकदीबाहेर घेऊ नयेत. दोन्ही प्रश्नांवर त्यांनी पंतप्रधान लियाकत अली खान यांच्याशी उघड वाद घातला. १९४८ च्या प्रारंभी सिंध विधानसभेने आणि प्रांतिक लीगने कराची तोडण्यास विरोध करणारे ठराव केले.

९/
२६ एप्रिल १९४८ रोजी गव्हर्नर हिदायतुल्ला यांनी, जिनांच्या आदेशावरून, खुहरोंना बडतर्फ केले. कारण : गैरकारभार आणि भ्रष्टाचार. विधानसभेत त्यांचे बहुमत होते. बहुमत गमावल्याचे कोणी म्हटलेसुद्धा नाही.

आता पुढच्या तारखा क्रमाने वाचाव्यात. २२ मे रोजी, म्हणजे महिनाही लोटला नसताना, संविधान सभेने कराची केंद्राकडे घेण्याचा ठराव केला. २३ जुलै रोजी गव्हर्नर जनरलच्या आदेशाने कराची सिंधपासून वेगळी झाली. सिंध सरकारला पुढे आपले बिऱ्हाड हैदराबादला हलवावे लागले. शहर गेले, बंदर गेले, उत्पन्न गेले.

ज्यांना हा निव्वळ योगायोग वाटतो, त्यांनी आणखी एक बडतर्फी आठवावी. पाकिस्तान अवघ्या आठ दिवसांचे असताना, २२ ऑगस्ट १९४७ रोजी, वायव्य सरहद्द प्रांतातील डॉ. खान साहिब यांचे मंत्रिमंडळ असेच बरखास्त झाले होते. त्यांच्यापाशीही बहुमत होते. त्यांच्यावर तर भ्रष्टाचाराचा आरोपही नव्हता; ते काँग्रेसचे होते, एवढे पुरेसे ठरले. पहिल्या आठ-नऊ महिन्यांत दोन निवडून आलेली सरकारे वरून पाडली गेली, दोन्ही वेळा जिनांच्या हातून. ‘जिना असते तर लोकशाही टिकली असती’ असे म्हणणाऱ्यांनी या दोन तारखांचे काय करायचे ते ठरवावे.

१०/
पण खुहरो भ्रष्ट होते की नव्हते?

प्रश्न रास्त आहे. सिंधमधल्या एकूण एका मोठ्या जमीनदार-मंत्र्याप्रमाणे त्यांनी सत्तेचा वापर आपल्या माणसांसाठी केला असणार, हे समजायला फार पुरावा लागत नाही. मुद्दा हा आहे की त्यांची गच्छंती त्यासाठी झाली का. त्यांच्या जागी पीर इलाहीबक्ष यांना बसवण्यात आले. काही महिन्यांतच निवडणुकीतील गैरप्रकारांमुळे त्यांची आमदारकीच रद्द झाली. म्हणजे भ्रष्टाचार हटवून जो आणला, तो निवडणूक लबाडीत सापडला. आणि इकडे सिंधच्या मुस्लिम लीगने बडतर्फ खुहरोंनाच आपला अध्यक्ष निवडले. प्रांताने केंद्राला दिलेले ते उत्तर होते.

११/
हे उत्तर केंद्राला झोंबले. जानेवारी १९४९ मध्ये एक कायदा आला, ज्याचे संक्षिप्त नाव ‘प्रोडा’. सार्वजनिक पदावर असताना गैरवर्तन करणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत निवडणुकीस अपात्र ठरवण्याची त्यात तरतूद होती. अंमल मात्र १४ ऑगस्ट १९४७ पासूनचा, म्हणजे पूर्वलक्षी. तक्रार गव्हर्नर जनरल करू शकत, गव्हर्नर करू शकत, किंवा पाच हजार रुपये अनामत भरून कोणतेही पाच नागरिक करू शकत. कारवाई करायची की नाही, हे अखेरीस वरच्यांच्या मर्जीवर.

कायद्याचा मजकूर वाचला तर त्यात आक्षेपार्ह काय, असेच वाटते. भ्रष्ट मंत्र्यांना शिक्षा व्हायलाच हवी. म्हणूनच तो इतका उपयोगी ठरला. खुहरो मार्च १९५१ मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले, कारण सिंधमध्ये त्यांना टाळून सरकार चालवणे कोणालाच जमेना. डिसेंबर १९५१ मध्ये पुन्हा पायउतार. पुन्हा चौकशी, पुन्हा अपात्रता, आणि या खेपेस अख्खा प्रांत गव्हर्नरच्या राजवटीखाली. १९५३ च्या निवडणुकीनंतर पीरजादा अब्दुस सत्तार मुख्यमंत्री झाले. खुहरो संपले, असे कराचीतल्या वर्तमानपत्रांना वाटले असल्यास त्यात नवल नाही.

१२/
आणि आता या थ्रेडचा कणा.

१९५४ च्या शरद ऋतूत केंद्रातील गव्हर्नर जनरल गुलाम मोहम्मद आणि त्यांच्या भोवतीचे सनदी-लष्करी वर्तुळ एका योजनेवर आले : पश्चिमेकडचे सगळे प्रांत आणि संस्थाने मोडून एकच ‘पश्चिम पाकिस्तान’ करायचे. ‘वन युनिट’. सांगितले गेलेले कारण काटकसर आणि ऐक्य. खरे कारण पूर्व बंगाल. पाकिस्तानची निम्म्याहून अधिक लोकसंख्या तिथे होती. सरळ लोकशाही आली तर बंगाली बहुमतात येणार. पश्चिमेचा एकच घटक केला की ‘दोन घटक, समसमान जागा’ म्हणता येते. बंगाल्यांचे बहुमत कापण्यासाठी सिंधी, पठाण आणि बलुच यांची ओळख कापायची, असा तो हिशेब होता.

२४ ऑक्टोबरला गुलाम मोहम्मद यांनी संविधान सभाच बरखास्त केली. मुख्यमंत्री पीरजादा यांचा वन युनिटला विरोध होता आणि विधानसभेतील बहुसंख्य सदस्य त्यांच्या पाठीशी होते. ८ नोव्हेंबरला पीरजादा बडतर्फ. कारण? वेगळे काय असणार : गैरकारभार.

त्यांच्या जागी शपथ घेतली अयूब खुहरो यांनी. विधानसभेचे सदस्यही नसलेल्या, ‘प्रोडा’खाली अपात्र ठरवलेल्या, दोनदा भ्रष्ट म्हणून हाकललेल्या अयूब खुहरो यांनी.

१३/
येथे क्षणभर थांबावे. जे केंद्र सहा वर्षे हा माणूस सार्वजनिक जीवनास नालायक आहे असे सांगत होते, त्याच केंद्राला तो एका रात्रीत लायक वाटू लागला. त्याचे चारित्र्य बदलले नव्हते, जमिनी बदलल्या नव्हत्या, आप्तेष्ट बदलले नव्हते. १९४८ मध्ये त्याने कराची द्यायला नकार दिला होता. १९५४ मध्ये तो संपूर्ण सिंध द्यायला तयार झाला होता. फरक एवढाच.

‘भ्रष्ट प्रांत विरुद्ध स्वच्छ केंद्र’ ही कथा याच एका तारखेपाशी कोसळते. भ्रष्टाचाराचा आरोप हा त्या व्यवस्थेत गुन्ह्याचे वर्णन नव्हता; तो नळाची तोटी होता. विरोध केला की सुरू, होकार दिला की बंद.

१४/
पुढचा महिना सिंधच्या राजकीय स्मृतीत काळाकुट्ट आहे. विरोध करतील अशा सदस्यांवर दबाव आणला गेला. विधानसभेचे सभापती मीर गुलाम अली तालपूर यांना अटक करून थरच्या वाळवंटाकडे धाडण्यात आले. सभागृहाभोवती पोलिसांचा वेढा. अशा वातावरणात ११ डिसेंबरचे ते मतदान झाले. काही आठवड्यांपूर्वीपर्यंत वन युनिटविरुद्ध बोलणाऱ्या सभागृहातून १०० मते पडली. चौघांनी विरोध केला. त्या चौघांच्या धैर्यावर चरित्रे लिहिली गेली नाहीत.

हमीदा खुहरो आणि इतर समर्थकांचा बचाव असा : वन युनिट होणारच होते, खुहरो आत राहिले म्हणून सिंधला काही हमी तरी मिळवता आल्या, सिंधच्या जमिनी, नोकऱ्या, शिल्लक निधी यांचे रक्षण करता आले. हा युक्तिवाद प्रामाणिकपणे तपासला पाहिजे, कारण राजकारणात ‘जे टळणार नाही त्यातून जितके वाचेल तितके वाचवा’ ही भूमिका नेहमीच लबाडीची नसते.

तपासल्यावर तो टिकत नाही. होणारच होते, तर पीरजादांना हटवावे का लागले? सभापतीला वाळवंटात का न्यावे लागले? केंद्राला सिंध विधानसभेच्या होकाराची गरज होती, आणि तो होकार मिळवून देणारा सिंधी माणूस हवा होता. खुहरोंकडे विकायला तेवढी एकच वस्तू होती, आणि ती त्यांनी विकली. हमींचे म्हणाल, तर १४ ऑक्टोबर १९५५ रोजी पश्चिम पाकिस्तान अस्तित्वात आले, राजधानी लाहोरला गेली, आणि हमी पाळायला लावणारी विधानसभाच शिल्लक राहिली नाही. हमी लिहून घेणाऱ्याने स्वतःचे कुलूप आधीच दुसऱ्याच्या हवाली केले होते.

१५/
परिणाम मोजण्याजोगे आहेत. कोट्रीचा बंधारा १९५५ मध्ये पुरा झाला, पुढे १९६२ मध्ये गुड्डूचा. या दोन्हींच्या पाण्याखाली आलेल्या जमिनींचे मोठे वाटप सिंधबाहेरच्या लष्करी आणि सनदी अधिकाऱ्यांना झाले. आठवावे : मुंबईविरुद्धच्या मोहिमेत लॉइड बंधाऱ्याच्या जमिनी कोणाच्या, हा प्रश्न होता. मुंबईच्या राजवटीत जी भीती होती, ती लाहोरच्या राजवटीत खरी झाली. १९५७ च्या सुमारास कराची विद्यापीठाने परीक्षेत सिंधीतून उत्तरे लिहिण्यास मनाई केली. १८५० च्या दशकात, मुंबई इलाख्याच्याच काळात, इंग्रजांनी अरबी-सिंधी लिपी निश्चित करून जी भाषा कचेरीत आणि शाळेत आणली, ती शंभर वर्षांनी ‘स्वतःच्या’ देशात परीक्षेच्या खोलीबाहेर उभी राहिली.

योगायोग म्हणून नोंदवावे : याच महिन्यांत सीमेच्या अलीकडे राज्य पुनर्रचना आयोग भाषिक राज्यांच्या मागण्या ऐकत होता आणि मराठी माणूस मुंबईसह महाराष्ट्र मागत होता. मुंबई इलाख्याचे जुने तुकडे एकाच वेळी दोन विरुद्ध दिशांनी निघाले होते.

१६/
खुहरो-समर्थकांना आणखी एक प्रश्न विचारणे भाग आहे. ज्या ‘सिंधच्या हक्कां’साठी ते १९४८ मध्ये उभे राहिले, तो सिंध कोणाचा होता?

हारींचा नव्हता. सिंधमधला हारी म्हणजे बटाईने जमीन कसणारा कूळ. अर्धे पीक जमीनदाराला, शिवाय वेठ, कर्ज आणि कधीही हाकलले जाण्याची टांगती तलवार. १९४७-४८ मध्ये नेमलेल्या हारी चौकशी समितीने बहुमताने जमीनदारीची बाजू घेतली. एम. मसूद या सनदी अधिकाऱ्याने भिन्नमतपत्रिका जोडून हारींचे जिणे उघडे केले, तर ती पत्रिका काही काळ दडपून ठेवण्यात आली. सिंधच्या स्वायत्ततेवर गळे काढणाऱ्या जमीनदारांपैकी एकालाही त्या पत्रिकेसाठी राजीनामा द्यावासा वाटला नाही.

हिंदूंचाही नव्हता. १९४१ च्या जनगणनेत सिंधमध्ये बारा लाखांहून अधिक हिंदू होते. मुख्यमंत्री म्हणून खुहरोंना ते जायला नको होते. व्यापार, शाळा, कचेऱ्या त्यांच्यावर चालत. हे खरे आहे आणि ते त्यांच्या पारड्यात टाकलेच पाहिजे. पण ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत आश्रयाला आणलेल्या शिखांवर हल्ला झाला, पाठोपाठ हिंदू वस्त्यांची लूट झाली, आणि जे थांबले होते तेही बोटीत बसले. नऊ वर्षांपूर्वी सक्करमध्ये ज्यांनी पेरले होते, त्यांना आता उगवलेले थांबवता आले नाही. कराचीहून मुंबईला आलेल्या त्या कुटुंबांपैकी अनेकांना कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी बराकींत ठेवण्यात आले. १९४९ मध्ये त्या छावणीचे नाव उल्हासनगर झाले.

१७/
शेवटचा अंक झटपट संपतो. १९५८ मध्ये फिरोज खान नून यांच्या सरकारात खुहरो संरक्षणमंत्री झाले. जून महिन्यात याच सरकारने सरसेनापती जनरल अयूब खान यांची मुदत दोन वर्षांनी वाढवली. ७ ऑक्टोबरला लष्करी कायदा पुकारला गेला, आणि काही दिवसांतच कालपर्यंतचा संरक्षणमंत्री तुरुंगात होता. आरोप : मोटारगाडी काळ्या बाजारात विकली.

देश ताब्यात घेणाऱ्यांनी देशाच्या माजी संरक्षणमंत्र्यावर ठेवलेला आरोप हा! पुन्हा तीच तोटी सुरू झाली होती. पुढच्या वर्षी ‘प्रोडा’चाच मोठा भाऊ म्हणावा असा ‘एब्डो’ हा हुकूम आला, आणि खुहरोंसकट पाकिस्तानातील पुढाऱ्यांची एक संपूर्ण पिढी त्याखाली राजकारणातून हद्दपार झाली. १९५४ मध्ये पीरजादांवर हेच हत्यार चालले तेव्हा खुहरो शपथ घेत होते, हे लक्षात ठेवले की त्यांच्याविषयी सहानुभूती वाटते, पण फार नाही.

१८/
वन युनिट १ जुलै १९७० रोजी मोडले. सिंध पुन्हा प्रांत झाला आणि या वेळी कराचीसह. तो परत मिळवण्यासाठी तुरुंगात गेले ते विद्यार्थी, हारी कार्यकर्ते, लेखक आणि जी. एम. सय्यद यांच्यासारखे पुढारी.

त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये निवडणूक झाली. लारकान्यात सत्तरीच्या उंबरठ्यावरचे खुहरो उभे होते. त्यांच्यासमोर होते मुंबई कायदेमंडळातील त्यांच्या जुन्या सहकाऱ्याचे, सर शाहनवाझ भुट्टो यांचे चिरंजीव झुल्फिकार अली. खुहरो हरले. १९८० मध्ये ते वारले, तेव्हा झुल्फिकार अलींना फाशी होऊन दीड वर्ष झाले होते आणि इस्लामाबादेत आणखी एक जनरल भ्रष्ट राजकारण्यांपासून देशाला वाचवत होता.